डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू

फिरून फिरून माझा गुडघा दुखायला लागला, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुठे फिरते आणि कशी फिरते, एवढंच सांगत नव्हते. जावयानं मला फिरायला म्हणून पांढरेशुभ्र बूट आणून दिले होते. रोज पहाटे ते घालून मी जिना उतरायची आणि उजाडल्यावर परत यायची. "आई या वयातही किती नियमानं फिरतात," असं तो शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचा, तेव्हा मी खाली मान घालून तांदूळ निवडत बसायची.

मी अमरावतीची, राजापेठेतली. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि निवृत्त झाले. मुलगी अकोल्याला, जुन्या शहरात राहते. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, आता बाळ हातात येईपर्यंत आडवं पडून राहायचं. मग मी नवऱ्याला खिचडीच्या भरवशावर सोडून अकोल्याला येऊन राहिले. हे मूल टिकावं, याशिवाय त्या घरात दुसरा विषय नव्हता, आणि हा विषय कोणी तोंडानं काढत नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मला लाज कशाची वाटते ते कळणार नाही. नोकरीत असताना मी सुटीच्या दिवशी शाळाशाळांतून कार्यक्रम करायची. तळहातावर कापूर पेटवून दाखवायचा, नारळातून धूर काढायचा, आणि मग त्यामागचं विज्ञान सांगायचं. नवस, अंगारे, गंडेदोरे यांची मी अशी काही टर उडवायची, की पोरं हसून हसून बाकावरून खाली पडायची. टाळ्या मिळायच्या. टाळ्यांची सवय वाईट असते. घरीसुद्धा माणूस व्यासपीठावरून उतरत नाही.

दुसऱ्यांदा मुलीचं बाळ गेलं, तेव्हा माझ्या विहीणबाई पातूरहून आल्या होत्या. दवाखान्यात तिच्या कॉटजवळ उभं राहून त्यांनी पुडीतला चिमूटभर अंगारा तिच्या कपाळाला लावला. मी रुमाल पाण्यात बुडवला आणि फळा पुसावा तसा तो पुसून टाकला. "माझी मुलगी एम.एस्सी. आहे," असं वर सगळ्यांदेखत म्हणाले. विहीणबाईंनी पुडीची घडी घालून ती कमरेला खोचली. मुलीनं डोळे मिटून घेतले. ती थकली असेल, असं मला वाटलं.

तर अशी मी. तिसऱ्या खेपेला टाका घातल्यावर एका संध्याकाळी मुलीच्या अंगावरून जरासं गेलं. पळापळ झाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले, घाबरू नका म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी खरोखरच फिरायला म्हणून बाहेर पडले. मोर्णा नदीच्या पुलाकडे जायचं होतं. मध्ये एका बोळात दत्ताचं लहानसं देऊळ आहे आणि त्याच्या अंगणात उंबर. उंबराला पार, पाराभोवती फरशी. मी बूट काढले, कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि चालू लागले. कोणत्या मनानं, ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की पहिली प्रदक्षिणा संपेपर्यंत माझ्या डोक्यात एक सौदा तयार झालेला होता. रोज एकशे आठ, बाळ हातात येईपर्यंत, आणि एकही दिवस चुकवायचा नाही.

सौदा करायला मी कोण, आणि करणार कोणाशी? तो तर नाहीच म्हणून मी गावोगाव सांगत फिरले होते.

मुलगी जागी व्हायच्या आत परतायचं, म्हणून मी त्या प्रदक्षिणा झपाझप घालायची. देव उजव्या हाताला ठेवून, अनवाणी, त्याच चिंचोळ्या फरशीवरून. काही आठवड्यांनी डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. आधी निम्म्या प्रदक्षिणा झाल्यावर यायची, मग तिच्याही आधी. बसलं की थांबायची, पण जिना उतरताना अशी यायची की मी कठडा धरून तोंड दाबायची. वय झालं, गुडघा घासला असेल, असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले. तेल चोळलं, पट्टा बांधला. शेवटी जावयानं बळेच हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे पाहिला, हाड चांगलं आहे म्हणाले, आणि फिजिओथेरपीला पाठवलं.

फिजिओथेरपीच्या डॉक्टर माझ्या मुलीच्याच वयाच्या होत्या. बोलायला मोकळ्या, आमच्या वऱ्हाडात असतात तशा. त्यांनी मला टेबलावर निजवलं, गुडघा वाकवला, आणि बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या जरा वर, अंगठ्यानं दाबून धरलं. मग तसाच पाय हळूहळू सरळ करायला लागल्या. पाय जवळजवळ सरळ होत आला आणि मी "आई गं" म्हणून ओरडले.

"हे पाहा मॅडम, सांधा नाही दुखून राहिला तुमचा," त्या म्हणाल्या. "कमरेच्या बाजूपासून मांडीच्या बाहेरून एक पट्टा खाली येते, गुडघ्याच्या खालपर्यंत. चालताना तो या हाडाच्या उंचवट्यावर दाबल्या जाते. थोडं चाललं तर काही नाही होत. पन एकच काम एकाच तऱ्हेनं जास्त झालं का तो चिडते. पळणाऱ्या पोरापोरींले होते हे. तुमी काय भरतीची तयारी करून राहिल्या का?"

मी हसले. मग त्यांनी विचारलं, "कुठी फिरता?"

"पुलाकडे."

"रस्त्याच्या कोनत्या बाजूनं? रस्ता कडेले उतरता असते, म्हणून विचारते."

"मैदानावर," मी म्हणाले. पूल आणि मैदान यांचा मेळ बसत नाही, हे तोंडातून निघाल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांनी माझे दारातले बूट उचलले, उलटे केले, आणि तळवा बघितला. तो जेमतेम मळला होता, झीज कुठेच नव्हती. मग त्यांनी माझे पाय बघितले. टाचा फाटलेल्या, तळवे काळे. घासूनसुद्धा ते काळेपण जात नव्हतं.

"अनवानी चालता?"

"हो. गवतावर. दवात चालणं चांगलं असतं म्हणतात."

"गवतानं तळवे काळे नाही होत, मॅडम."

जन्मभर ज्या बाईनं पोरांना निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा, असं शिकवलं, तिच्या तळपायाचं निरीक्षण चाललं होतं आणि ती निष्कर्ष टाळत होती. कान गरम झाले. त्यांनी पुढे विचारलं नाही. कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा, पाठीवर निजून कंबर उचलायची, असे व्यायाम दाखवले. "दुखते गुडघा, पन कमजोर हाय कमरेच्या बाजूचा स्नायू," म्हणाल्या. बर्फ लावायला सांगितला, आणि काही दिवस फिरणं साफ बंद करायला.

मी व्यायाम केले, बर्फ लावला, आणि प्रदक्षिणा सोडून बाकी सगळं बंद केलं. भाजीलासुद्धा जाईना. कळ वाढतच गेली. एका पहाटे पाराला हात टेकत टेकत कशीबशी शेवटची प्रदक्षिणा पूर्ण केली आणि वर घरात जाताना जिन्यावर बसूनच पायऱ्या चढले. पायरीवर बसकण मारून मागे सरकत, तान्ही मुलं चढतात तशी.

पुन्हा फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिथंच दाबलं, मी तिथंच ओरडले.

"तुमी बंद केलंच नाही," त्या म्हणाल्या. "मले खरं सांगसान तरच मी काही करू शकते. नाही तर तुमी तेल लावा अन् मी फी घेते."

मी छताकडे बघत म्हणाले, "गोल फिरते मी."

"कशाभोवती?"

बाहेर ताटकळलेल्या पेशंटांना पडद्यातून ऐकू जाईल, म्हणून मी आवाज इतका खाली आणला की त्यांना वाकावं लागलं. "उंबराभोवती. देवळातल्या. एकशे आठ, रोज."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा डावा पाय हातात धरला आणि बोटानं हवेत गोल काढला. "देव उजव्या हाताले. म्हंजे डावा पाय नेहमी बाहेरच्या अंगाले. अन् फरशीले बाहेर उतार असन, पानी वाहून जावं म्हणून."

"आहे."

"मंग झालं ना. डावा पाय रोज उतारावर, रोज तेच वळण. गुडघ्याचा काही दोष नाही." मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "दुखनं गेल्यावर घालायच्याच असतीन तर कमी घाला, अन् निम्म्या उलट्या बाजूनं घाला. दोन्ही पायांवर सारखा भार येईन."

"उलट्या बाजूनं? छे! छे!" माझ्या तोंडून निघून गेलं. मी टेबलावर उठून बसले होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मॅडम, मी तुमाले पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. आमच्या शाळेत आल्या होत्या तुमी. हातावर कापूर जाळला होता. म्हणाल्या होत्या, करून पाहा, काहीच होत नाही."

मला तिथल्या तिथं पडद्यामागे नाहीसं व्हावंसं वाटलं. वर्गात कॉपी करताना सापडलेली पोरं मी पाहिली होती. त्यांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक होतं, आणि आता माझा तसा झालेला असणार.

"मी तुमची मजा नाही करून राहिली," त्या गडबडीनं म्हणाल्या. "आमच्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली, अन् घरातले देव पाण्यात सोडले. आजी सांगे, महिनाभर तिले झोप नाही आली. पोराले शिंक आली तरी भेव वाटे. मंग हळूहळू गेलं. म्हने, सोडनं एका दिवसात होते, भेव जायले टाइम लागते. तुमी सोडलं होतं, भेव तेवढं राह्यलं असन."

त्या माझी समजूत घालत होत्या, आणि मला त्यानं जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या आजीला भीती वाटली तरी तिनं देव परत आणले नाहीत. मी मात्र टाळ्या घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उंबराजवळ उभी राहिले. ठरवून आले होते, आज एक तरी प्रदक्षिणा उलटी घालायची. एकच. पुढचं पुढे. अंगणात कोणी नव्हतं. मी पाठ फिरवली, देव डाव्या हाताला घेतला, पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. डोळ्यांसमोर मुलीची ती संध्याकाळ आली, तिची चादर आली. यानं काही होत नाही, हे मला कळत होतं. अमरावती जिल्ह्यातल्या कित्येक पोरांना ते मीच सांगितलं होतं. तिसरं पाऊल उचलेना. मी वळले, आणि घाईघाईनं ती दोन पावलं भरून काढली. वर हात जोडून चूक झाली म्हणाले. कोणाला म्हणाले, ते विचारू नका.

नंतर नेहमीच्या बाजूनं चालायला गेले, तर गुडघा चालू देईना. काही प्रदक्षिणांतच डोळ्यांत पाणी आलं. पारावर बसले, आणि तशीच घरी आले. नेम मोडला होता. दिवसभर मी मुलीच्या तोंडाकडे बघत होते. ती पाणी प्यायला हलली तरी मी दचकत होते.

दुपारी जावई कामावर होता. मी तिच्या पलंगाजवळ सतरंजी टाकून माझे व्यायाम करत होते. ती डाव्या कुशीवर, मी उजव्या, तोंडासमोर तोंड. मी पाय उचलत होते, ती मोजत होती. मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, "आई, आज नाही झाल्या का पुऱ्या?"

"होताहेत ना, मोज तू."

"ह्या नाही. उंबराच्या."

माझा पाय तसाच हवेत राहिला.

"मोर्णेवरून येणाऱ्या माणसाच्या साडीले धुपाचा वास येते का व?" ती म्हणाली. "मोर्णेचा वास काय असते, हे आख्ख्या अकोल्याले माहीत हाय. पहिल्या आठवड्यातच समजलं मले."

मी पाय खाली घेतला. तू बोलली का नाहीस, असं विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती तेही मला कळत होतं. तरी मी विचारलं.

"मले वाटलं तूच सांगशील," ती म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, त्यामुळे मला कुठे तोंड लपवावं कळेना. "रोज वाट पाहायची मी. वाटायचं, आज आई येईन अन् अंगारा लावीन. तू रोज आली, चहा ठेवला, अन् मले म्हणाली पुलावर गार वारा होता. आई, मलेही भेव वाटते ना. तू एकटीच काहून जात होती?"

दवाखान्यातल्या त्या दिवशी ती थकली होती म्हणून डोळे मिटले नव्हते, हे मला तेव्हा समजलं. मी तिचं कपाळ पुसलं, तेव्हा तिच्याजवळ तेवढंच होतं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं आणि पुढे स्वतःसाठी चोरून आणत राहिले.

मी रडले. ती हात खाली सोडून माझ्या केसांवरून फिरवत राहिली, कारण उठायची तिला मनाई होती. मग म्हणाली, "प्रदक्षिणा बस झाल्या. डॉक्टर सांगून राहिल्या ते ऐक. नुसती जा, बस, अन् येताना आन."

तेव्हापासून मी सावकाश जायची, पारावर पाय लांब करून बसायची, आणि येताना कागदात अंगारा आणायची. जावई उठायच्या आत तिच्या कपाळाला लावायची. थोड्या वेळानं ती स्वतःच पुसायची, मी सांगायच्या आधी. हे आम्ही दोघींनी कोणाला सांगायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. मी सांगत नव्हते, म्हणून ती सांगत नव्हती.

गुडघा सुधारला. व्यायामानं, विश्रांतीनं आणि उतारावरचं चालणं बंद झाल्यानं सुधारला; त्यात उंबराचा हात नाही, उलट दुखणं त्याच्याच फरशीचं होतं. जिना मी पुन्हा न थांबता उतरायला लागले. मुलीचे दिवस भरले, टाका काढला, आणि मुलगी झाली. ते टाक्यानं झालं. मला ते पक्कं ठाऊक आहे आणि मी ते कोणालाही सांगू शकते.

दवाखान्यात विहीणबाई पातूरहून आल्या. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी कमरेची पुडी काढली आणि त्या एवढ्याशा कपाळावर बोट टेकवलं. टेकवलं आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी पाण्याच्या भांड्याशी उभी होते. त्या गडबडल्या, ओशाळल्या, आणि स्वतःच पदराचं टोक ओलं करून पुसायला लागल्या. "चुकलं बापा, सवयीनं हात गेला. तुमाले नाही आवडत, माहीत हाय मले."

"राहू द्या," मी म्हणाले. "असू द्या, लावा."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नसेल. मग जावयाला म्हणाल्या, "पाह्य, याले म्हन्तात मोठं मन. सोताचा इस्वास नाही, तरी माह्यासाठी हो म्हणाल्या. शिकल्याल्या मानसाची गोष्टच येगळी."

जावयानं कौतुकानं मान हलवली. मुलगी उशीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काय म्हणते त्याची वाट पाहत. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की मीही उंबराला जाते, अंगारा आणते. विहीणबाईंनी पुडी माझ्यापुढे धरून म्हटलं, "तुमीच लावा मंग तुमच्या हातानं." मी बोट पुढे केलं आणि पहिल्यांदाच लावत असल्यासारखं विचारलं, "कुठे लावायचा, असा मधोमध का?"

मुलीनं डोळे मिटून घेतले.